बेवारस ठोके

निपाणी,
१७ एप्रिल २०२५

ती. आक्का हिस,
धर्मराजचा सविनय जयभीम. वि. वि.

जयंतीला तू आलीस आणि घर भरल्यासारखं झालं. पण पंगतीला न बसता मालूच्या हातची खीर डब्यात भरून घेतलीस आणि दुपारचीच गाडी धरलीस, हे तुझ्या भावजयीने मनात धरलंय. दाजींना दुसऱ्यावर सोपवून आलेली असलीस की तुझा जीव थाऱ्यावर नसतो, हे मी तिला समजावलं. तरी तिला दोन ओळी वेगळ्या लिही, नाहीतर पुढच्या वेळी मलाच खीर मिळायची नाही.

फोन न करता लिहितोय ते तुझ्याच कायद्याप्रमाणे. दाजींच्या खाटेशेजारी फोन असतो, त्यांची वाचा गेली तरी कान शाबूत आहेत, तेव्हा काळजीची गोष्ट पत्रातच लिहायची, असा तू दंडक घातलास त्याला तीन वर्षं झाली. मी आजवर त्याला हसत होतो. आज मात्र त्याचं बरं वाटतंय, कारण ही गोष्ट फोनवर मला सांगता आली नसती.

मार्चमध्ये मी स्टँडवर चक्कर येऊन पडलो, ते तुला माहीत आहेच. बेळगावच्या डॉक्टर प्रियदर्शनीबाई म्हणाल्या होत्या की काळजाचा ठोका मधेच चुकत असणार, पण दवाखान्यात आलं की तो शहाण्यासारखा वागतो, म्हणून त्याला घरीच पकडायला हवा. त्यासाठी आमच्या पोराने, बुद्धप्रियने, बंगळूरहून ती पट्टी पाठवली. तू पाहिलीस ना, पत्त्याच्या पानाएवढी. दोन्ही अंगठे तिच्यावर अर्धा मिनिट ठेवायचे, मोबाईलवर ठोक्यांची रेघ उमटते आणि ती परस्पर बेळगावला डॉक्टरबाईंच्या कॉम्प्युटरवर जाते. मी निपाणीत चहा पितोय आणि माझं काळीज बेळगावात तपासलं जातंय, याचं मला भारी कौतुक. ते मी जयंतीला आलेल्या प्रत्येकाला सांगितलं आणि मग प्रत्येकालाच अंगठे ठेवून बघायचे होते. जन्मभर कंडक्टरकी केली, रांगेत उभ्या असलेल्या माणसाला नाही म्हणायची सवयच नाही. मी भात वाढत होतो आणि पट्टी अन् मोबाईल पंगतीतून फिरत होते.

काल डॉक्टरबाईंचा फोन आला. चौदा तारखेच्या एका रेघेत ठोके साफ बिनताल आहेत, एकाचा दुसऱ्याशी मेळ नाही. असं काळीज रक्त नीट ढकलत नाही, आत गाठ धरते आणि ती मेंदूत गेली की माणूस एका बाजूने जातो, तेव्हा लवकर या, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. दाजी तसेच एका बाजूने गेलेत, हे त्यांना माहीत नाही. मला माहीत आहे, म्हणून फोन ठेवल्यावर मी आधी उजवा हात हलवून पाहिला. त्या दिवशी मिरवणुकीत मलाही जरा घाबरल्यासारखं झालं होतं. ती रेघ माझीच असणार.

मालूला फक्त तपासणीला जातो एवढंच सांगितलंय. पुढच्या शुक्रवारी, पंचवीसला, जाईन. तू काळजी करू नकोस असं लिहायची पद्धत आहे, पण थोडी कर. तू काळजी केलीस की मला धीर येतो.

दाजींना जयभीम सांग. तुझी माया आहे ती अशीच राहू दे.

तुझा,
धर्मा

*

कॅम्प, बेळगाव,
२१ एप्रिल २०२५

चि. धर्मराज यास,
आक्काचे अ. उ. आ. आणि सप्रेम जयभीम.

तुझं पत्र शाळेच्या सवयीने लाल पेन हातात घेऊन वाचायला बसले आणि दुसऱ्या परिच्छेदातच पेन खाली ठेवलं.  शुक्रवारी जा, त्यात टाळाटाळ नको. गाडी चुकली, डेपोतला जुना कुणी भेटला, त्याने चहाला नेलं, असली कारणं मला सांगू नकोस. तुझ्या सगळ्या कारणांशी माझी लहानपणापासून ओळख आहे.

मात्र एक गोष्ट डोकं शांत ठेवून कर. तू ती पट्टी पानसुपारीचं तबक फिरवावं तशी घरभर फिरवलीस. मग ती बिनताल रेघ तुझीच, हे तू कशावरून ठरवलंस? डॉक्टरबाईंना आधी हे मोकळेपणाने सांग. रागावतील तर रागावू देत. दुसऱ्याच्या दुखण्याची गोळी तुझ्या पोटात जायला नको. मला वाटतं ती रेघ तुझी नाही. का वाटतं ते विचारू नकोस, बहिणीला वाटतं असं समज.

इकडे नेहमीचंच. हे बरे आहेत, जेवण बऱ्यापैकी घेतात. अंगावर जखमा होऊ नयेत म्हणून कुशीवर वळवावं लागतं, ते मीच करते. नागुबाई दिवसा येते पण तिची कंबर धरते. काही महिन्यांपासून ह्यांनी एक नवा छंद लावून घेतलाय. मी वळवून सरळ उभी राहिले की डाव्या हाताच्या बोटांनी खाटेच्या लोखंडी गजावर टकटक करत राहतात. पाणी हवं का विचारलं तर मान हलवून नाही, रेडिओ हवा का तर नाही, आणि परत टकटक. त्यालाही ना ताल ना काही. पी.टी.चे मास्तर, आयुष्यभर पोरांना एका तालावर कवायत करायला लावली आणि आता हे. परवा मी वैतागून गजाला फडकं गुंडाळून ठेवलं. ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मलाच चोरट्यासारखं झालं.

मी ठणठणीत आहे. उन्हाळ्याने थोडा दम लागतो, तो कुणाला लागत नाही?

मालूला सांग, खीर आम्ही दोघांनी खाल्ली आणि ह्यांनी दुसऱ्यांदा मागून घेतली. तिला वेगळं पत्र लिहीनच.

शुक्रवारचं सविस्तर कळव. आशीर्वाद पाठीशी आहेतच.

तुझी,
आक्का

*

निपाणी,
२६ एप्रिल २०२५

ती. आक्का हिस,
धर्मराजचा सविनय जयभीम. वि. वि.

तू ज्योतिष कधी शिकलीस? ती रेघ माझी नाही.

आत गेलो आणि तू सांगितल्याप्रमाणे आधीच कबूल करून टाकलं की बाई, त्या दिवशी ही वस्तू गावभर फिरली आहे.  डॉक्टरबाईंनी माझ्या जुन्या सगळ्या रेघा कॉम्प्युटरवर एकाखाली एक मांडून दाखवल्या. माझ्या काळजातल्या एका वायरीत जुना बिघाड आहे म्हणे, त्यामुळे माझा प्रत्येक ठोका जरा रुंद उमटतो, खांदे पसरून चालणाऱ्या माणसासारखा. ती खूण माझ्या प्रत्येक रेघेत आहे आणि त्या बिनताल रेघेत नाही. तिचे ठोके बारीक, टोकदार आणि नुसते पळापळ करणारे. मला एवढं हायसं वाटलं की मी खुर्चीतच हसलो.

बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या की तुम्ही सुटलात, पण कुणीतरी अडकलंय. हे काळीज ज्याचं आहे त्याला कदाचित काही पत्ताही नसेल. हसतखेळत असेल, आणि एक दिवस तोंड वाकडं होऊन पडेल. वेळेत सापडला तर रोजच्या गोळ्यांवर भागतं, कापाकापी नाही, दवाखान्यात पडून राहणं नाही. तेव्हा तो कुणीही असो, शोधून आणा. आणि पट्टी पुन्हा कुणाला दिलीत तर मी तुमच्याकडून काढून घेईन, हेही सांगितलं. ते मात्र रागावूनच.

आक्का, नोकरीच्या शेवटी मी स्टँडवर कंट्रोलर होतो तेव्हा गाड्यांत राहिलेल्या पिशव्या माझ्या केबिनमध्ये यायच्या. आपली पिशवी म्हणून मालक धावत यायचे, एकेका पिशवीला कधी दोन दोन मालक भेटायचे. आता माझ्या नावावर कुणाचे तरी बेवारस ठोके जमा आहेत आणि त्यांना मालकच नाही. मी दोघाचौघांना सहज विचारून पाहिलं, तर सगळ्यांनी हात झटकले.

परतताना कॅम्पात तुझ्याकडे डोकावायचं होतं, पण बाईंनी उशीर केला आणि मालू वाट बघत होती. हे कारण खरं आहे, लाल रेघ मारू नकोस.

गजाला फडकं बांधल्याचं वाचून वाईट वाटलं. दाजींना टकटक करू दे की. माणसाला काहीतरी बोलावंसं वाटत असेल.

तुझ्या मायेचा धनी,
धर्मा

*

कॅम्प, बेळगाव,
३० एप्रिल २०२५

चि. धर्मराज यास,
आक्काचे अ. उ. आ. आणि सप्रेम जयभीम.

तू सुटलास, माझ्या डोक्यावरचा मोठा भार उतरला. मालूला आता सगळं सांगून टाक, नाहीतर ती तुझ्या तोंडावरून ओळखेलच आणि मग दोन्ही बाजूंनी बोलणी खाशील.

बाकीच्या शोधाबद्दल मला एवढंच म्हणायचं आहे, की फार हात धुऊन लोकांच्या मागे लागू नकोस. तू दारात उभा राहून आत्ता अंगठे ठेवा म्हणालास की समोरच्याला पोलीस आल्यासारखं वाटणार. तुझा हेतू चांगला आहे, कुणी नाही म्हणत नाही. पण माणसाच्या घरच्या गोष्टी असतात. एखाद्याला आपल्या काळजाचं माहीतही असेल आणि तरी तो ते बोलत नसेल. त्याच्या घरी त्याच्यावर कुणी अवलंबून असेल, आपण आजारी म्हटलं की त्या माणसाचं कोण करणार, हा प्रश्न त्याला डॉक्टरांच्या प्रश्नापेक्षा मोठा वाटत असेल. त्याला भित्रा म्हणू नकोस.

मी तर स्वयंपाकघरात होते, तुमच्या त्या खेळण्याला मी बोटसुद्धा लावलं नाही.

ह्यांच्या टकटकीबद्दल तू मला शिकवू नकोस. दिवसभर ऐकायला तू येऊन बसतोस का? फडकं बांधल्यावर आता हे माझ्या मनगटावरच बोटं आपटतात. वळवून झालं की लगेच. मी हात सोडवून घेते, कामं पडलेली असतात.

एवढं लिहिता लिहिता हात थांबला, पेन जुनं झालंय. सगळ्यांना आशीर्वाद.

तुझी,
आक्का

*

निपाणी,
७ मे २०२५

ती. आक्का हिस,
धर्मराजचा सविनय जयभीम. वि. वि.

तुझं न ऐकता मी शोध केला. आधी मारुतीरावांकडे गेलो. माझ्या गाडीवर वर्षानुवर्षं ड्रायव्हर होते, मला वाटलं ते मोकळेपणाने बोलतील. त्यांनी दारातूनच सांगितलं की माझं काळीज लई पक्कं हाय, इंजिनावानी चालतंय, तू दुसरीकडं बघ जा. नंतर त्यांच्या सुनेकडून कळलं की मुलाचा टेम्पो अजून तेच चालवतात आणि दुखणं निघालं तर मुलगा चावी काढून घेईल याची त्यांना धास्ती आहे. शेवटी मीच शब्द दिला की रेघ कशीही आली तरी मुलाला सांगायचं ते तुम्हीच सांगा. मग बसले. रेघ तालात आली तसे माझ्यावरच डाफरले.

त्या दिवशी पंगतीत बसलेल्या आण्णाप्पाने आधी हा रोग एकमेकांचे अंगठे लागून पसरतो का ते विचारलं. मग पट्टी मोडेल इतक्या जोराने दाबली. शेजारची मंडळी झाली, हलगी वाजवणारे झाले. डॉक्टरबाईंना विचारून, प्रत्येकाचं नाव आधी कळवून मी हे केलं, त्यामुळे या वेळी घोटाळा नाही. सगळ्यांच्या रेघा तालात. पण बाई म्हणतात, आज तालात आली म्हणून माणूस सुटला असं नाही, हे दुखणं येतं आणि जातं. या फेरीत मला एक कळलं. जो नाही म्हणतो त्याला आजाराची भीती नसते, घरातल्यांची असते. तू लिहिलं होतंस ते खरं आहे.

आणि आक्का, ते तू कसं लिहिलंस, याचाच मी आठवडाभर विचार करतोय.

बाईंनी त्या दिवशीच्या रेघा क्रमाने लावल्या. पंगतीतल्या सगळ्या एका दमात झालेल्या. बिनताल रेघ त्यांच्यानंतर, माणसं हात धुवायला मागच्या परड्यात गेल्यावरची. तेव्हा पट्टी आणि मोबाईल कुठे होते ते मालूला विचारलं. तिने पिठाच्या डब्यावर उचलून ठेवले होते. ती तुझ्यासाठी डबा आणायला माळ्यावर गेली आणि परत आली तर तू पाटावर बसली होतीस, पट्टी तुझ्या हातात. खीर सांडली म्हणून पुसतेय, असं तू तिला म्हणालीस. पुसायला दोन्ही अंगठे स्थिर धरावे लागत नाहीत, आक्का.

मला भीती वाटतेय. आईची आठवण येते. तंबाखूच्या वखारीत उभी राहून काम करायची, छाती धरून बसायची आणि आपण विचारलं की नाकात तंबाखूचा खकाणा गेला म्हणायची. आपण दोघं तेव्हा लहान होतो, खकाण्यावर विश्वास ठेवला. आता मी साठी ओलांडलेला माणूस आहे, उन्हाळ्याच्या दमावर कसा विश्वास ठेवू?

बुद्धपौर्णिमेला येतोय. पट्टी घेऊन येतोय. दार लावून घेतलंस तर अंगणात बसेन, कॅम्पातले लोक विचारतील तेव्हा तूच उत्तर दे.

रागावलीस तरी मायेत कसर करू नकोस.

तुझा,
धर्मा

*

निपाणी,
१५ मे २०२५

तीर्थस्वरूप दाजींस,
धर्मराजचा सविनय जयभीम. वि. वि.

तुमच्या नावाने पत्र लिहायला मी तीन वर्षं लावली, याची मला लाज वाटते. आजवर तुम्हाला ऐकू जाऊ नये म्हणून लिहीत होतो. हे पत्र तुम्हाला ऐकू यावं म्हणून लिहितोय. आक्का वाचून दाखवेल. ती एखादी ओळ गाळतेय असं वाटलं तर गजावर टकटक करा.

पौर्णिमेला मी आलो तेव्हा आक्काने मला बोलूच दिलं नाही. चहा आणला, खीर आणली, शंकरपाळे आणले. पट्टीचं नाव काढलं की तिला चुलीवरचं काहीतरी आठवायचं. शेवटी मी उघड विचारलं, तेव्हा तुमच्याकडे डोळ्यांनी खूण करून तिने मला गप्प केलं आणि हळूच सांगितलं, की मी अंथरुणाला खिळले तर ह्यांना कोण वळवणार, ते आधी सांग आणि मग तुझी पट्टी काढ.  मी हरलो होतो, दाजी. खरं सांगतो, मी परत जायला उठलो होतो.

निरोप घ्यायला तुमच्यावर वाकलो तर तुमचा डावा हात माझ्या सदऱ्याच्या खिशात गेला. मला वाटलं तुम्हाला माझा चष्मा हवाय. तुम्ही पट्टी काढलीत आणि आक्कासमोर धरलीत. ती म्हणाली की ह्यांना काय कळतंय त्यातलं, खेळणं वाटतंय. तुम्ही हात खाली घेतला नाहीत. मी खालून आधार द्यायला गेलो तर तुम्ही माझ्याकडे असं बघितलंत की मी मागे सरलो. मैदानावर हूड पोरांकडे बघायचात तसं.  आक्का पदराला हात पुसून तुमच्या खाटेवर बसली आणि तिने अंगठे ठेवले.

रेघ बघायला मला डॉक्टर लागला नाही. बाईंचा फोन लगेच आला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला घेऊन गेलो. तिथे काय झालं ते तिने तुम्हाला सांगितलं असेलच, नसेल तर आता सांगेल. माझे बेवारस ठोके मी मालकिणीच्या ताब्यात दिले, डॉक्टरबाईंनी ते माझ्या नावावरून काढून तिच्या नावावर लावले.

तिच्या प्रश्नाला उत्तर मला निपाणीला परतताना गाडीत सुचलं. मालू येत्या रविवारपासून तुमच्याकडे राहायला येतेय, आक्काला गोळ्या मानवेपर्यंत. तिचा हात वळवण्यात चांगला आहे, तिच्या आईचं तिनेच केलं होतं. नंतर महिन्यातले काही दिवस मी येईन. मला शिकवा. मी अवघडल्यासारखा वळवला तर टकटक करा.

तुमचा लोभ मला तुमच्या हातातून कळला, आणखी काय मागू.

आपला,
धर्मराज

*

कॅम्प, बेळगाव,
२४ मे २०२५

चि. धर्मराज यास,
आक्काचे अ. उ. आ. आणि सप्रेम जयभीम.

तुझं पत्र ह्यांना वाचून दाखवलं. एक ओळ गाळायचा प्रयत्न केला आणि गजावर टकटक झाली, ती कुठली ओळ ते तुला सांगणार नाही.

आधी प्रकृतीचं. डॉक्टरबाईंनी दोन गोळ्या दिल्यात, एक रक्तात गाठ धरू नये म्हणून आणि एक ठोक्यांची पळापळ आवरायला. माझ्या नावाची पट्टी आली आहे. रोज सकाळी मी अंगठे ठेवते आणि हे डाव्या हातात आपलं शाळेतलं स्टॉपवॉच धरून बसतात. अर्धा मिनिट भरायच्या आत मी हात उचललेला ह्यांना चालत नाही. दवाखान्यातली मुलगी रोज सकाळी रेघ बघते, काही कमीजास्त असेल तर फोन करते. परवा तिने फोन करून पाणी जास्त प्या म्हणून सांगितलं. मालू ते ऐकून माझ्या मागे तांब्या घेऊन फिरतेय. तुझी बायको फार हुकमी आहे, आणि फार गुणी आहे.

मी खोटं लिहिलं होतं. मला दिवाळीपासून ते जाणवत होतं, छातीत चिमणी अडकल्यासारखं. जयंतीला तुझी पट्टी पिठाच्या डब्यावर दिसली आणि वाटलं, कुणाला कळणार नाही, एकदा बघू. मोबाईलवरची रेघ मला काही समजली नाही, आणि ती तुझ्या नावाने पुढे गेलीय हे तर मला तुझ्या पत्रातूनच कळलं. तू घाबरलास ते माझ्यामुळे. त्याबद्दल तू मला जे बोलायचं ते बोल, मी ऐकून घेईन.

पण मी लिहायला बसले ते वेगळ्याच गोष्टीसाठी.

त्या दिवशी दवाखान्यात मला यंत्राला जोडून निजवलं, तेव्हा तू बाहेर बसला होतास. ते यंत्र माझ्या प्रत्येक ठोक्याला टिक असा आवाज करायचं. दोन टिक लगोलग, मग थांबायचं, मग घाईघाईने तीन, मग एक उशिराने. मी डोळे मिटून ऐकत होते आणि मला सारखं वाटत होतं की हे मी ऐकलंय. कुठे ऐकलंय ते काही केल्या आठवेना. डॉक्टरबाई काय सांगत होत्या तिकडे माझं लक्षच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ह्यांना कुशीवर वळवायला घेतलं. कसं वळवते ते तुला आता मालू दाखवेल. दोन्ही हात पाठीखाली घालायचे, अंगाशी घट्ट धरायचं आणि ओढून घ्यायचं. तेवढा वेळ ह्यांचं डोकं माझ्या छातीवर असतं, कान बरोबर काळजाशी. रोज, दिवसातून कितीदा तरी. वळवून झालं आणि मी उभी राहिले. गजावरचं फडकं निसटलं होतं. ह्यांनी टकटक केली. दोन लगोलग, मग थांबले, मग घाईघाईने तीन, मग एक उशिराने.

मी तिथेच खाली बसले, धर्मा.

दिवाळीपासून हे मला सांगत होते. मी ज्यांच्यापासून लपवत होते ते रोज कान लावून ऐकत होते, आणि जसं ऐकू येतंय तसं मला वाजवून दाखवत होते. मी पाणी हवं का विचारत होते. रेडिओ लावत होते. मी फडकं बांधलं तेव्हा ह्यांनी माझं मनगट धरलं आणि तिथे वाजवलं, तर मी हात सोडवून घेतला. मी खूप रडले. ह्यांनी डाव्या हाताने माझं डोकं थोपटलं, आणि ते थोपटणंही मग त्याच बिनतालात व्हायला लागलं, तेव्हा मला रडता रडता हसू आलं.

डॉक्टरबाईंना हे सांगितलं.  त्या म्हणाल्या की माझं यंत्र दिवसातून एकदा ऐकतं, तुमच्याकडे जास्त ऐकणारं आहे, दोघांचंही ऐकत जा.

तेव्हा पत्राचा तो दंडक आजपासून रद्द. फोन खुशाल कर, खाटेशेजारीच आहे, मी बोलेन आणि हे ऐकतील. पत्रंही लिही, कारण तुझ्या चुका वाचून दाखवल्या की ह्यांना हसू येतं.

फडकं मी धुऊन मालूला हात पुसायला दिलं. आज सकाळी वळवून झाल्यावर मी उभीच राहिले, कामाला पळाले नाही. ह्यांनी बराच वेळ ऐकल्यासारखं केलं आणि मग गजावर वाजवलं. एक, एक, एक, एक, शाळेच्या मैदानावर पोरं रांगेत चालावीत तसं. पट्टी मी त्यानंतर घेतली.

तुम्हा सर्वांवर माझा जीव आहे, आणि तो आता जपून ठेवीन, असा शब्द देते.

तुझी,
आक्का

ता. क. वरचं सगळं ह्यांना वाचून दाखवलं आहे. टकटक झाली नाही.